पान उलटून बघा

आमच्याकडं कीटकनाशकाला औषध म्हणतात. उसाला औषध मारलं, वांग्याला औषध मारलं, कोबीचं औषध चुकलं. आणि एखाद्या घरातून रात्री रडारड ऐकू आली, की सकाळी पारावर हळू आवाजात तोच शब्द येतो, "अमक्यानं औषध घेतलं." डबा तोच आणि शब्दही तोच. बरं करणाऱ्या वस्तूचं नाव आपण मारणाऱ्या वस्तूला दिलं आणि तिथंच आपली निम्मी अक्कल गहाण पडली. औषध म्हटलं की ते वेळेवर द्यायचं, चुकवायचं नाही, थोडं जास्त दिलं तर लवकर गुण येईल, असा आपला हिशोब असतो. विष म्हटलं असतं, तर झाकण उघडताना माणूस दोनदा तरी थांबला असता.

मी कृष्णाकाठचा, वाळवा तालुक्यातला. ऊस, सोयाबीन, थोडी भाजी, बांधावर चवळी, अशी आमची शेती. या लेखात मला भांडायचं आहे, आणि भांडण एका चिलटाच्या बाजूनं आहे. ज्यांना हे हास्यास्पद वाटेल त्यांनी जरूर हसावं, पण शेवटपर्यंत वाचावं.

मावा कुणाला सांगायला नको. ज्वारीवर, चवळीवर, करडईवर, कोबीवर, कापसावर, मिरचीवर, जिथं कोवळं तिथं तो. आमच्याकडं त्याला चिकटाही म्हणतात, कारण तो रस पितो आणि मागून गोड चिकट पाणी सोडतो. त्या पाण्यावर काळी काजळी धरते, पान गुदमरतं. माव्याची मादी नराशिवाय वितं. अंडं घालायच्या भानगडीत न पडता थेट पिल्लंच टाकते, आणि ते पिल्लू आठवड्याभरात स्वतः आई होतं. हा हिशोब कागदावर मांडला तर महिन्या-दोन महिन्यांत मावा साऱ्या शिवारावर चढायला हवा. तसं होत नाही. का होत नाही, हा प्रश्न आपण कधी विचारतो का?

त्याचं उत्तर पानाच्या खालच्या बाजूला असतं. हिरव्या-काळ्या माव्याच्या घोळक्यात एखाद-दुसरा दाणा वेगळा दिसतो. फुगलेला, भाजल्यासारखा तपकिरी, चकचकीत, पानाला घट्ट चिकटलेला. नखानं टोकरलं तर आत पोकळ, आणि काहींना मागं गोल भोक. हा मेलेला मावा. त्याला मारणारी माशी गांधीलमाशीच्या कुळातली आहे, पण आकारानं चिलटाएवढी. माणसाला ती चावत नाही, चावूच शकत नाही. ती माव्याजवळ येते, पोट पायांमधून पुढं वाकवते आणि सुईसारख्या अवयवानं माव्याच्या अंगात एक अंडं ठेवून जाते. एका माव्यात एक, आणि अशी एक मादी शे-दोनशे माव्यांना गाठते. आतली अळी माव्याला पोखरून खाते. आठ-दहा दिवसांत माव्याचं नुसतं टरफल उरतं. त्यातच ती कोष करते आणि गोल झाकण कापून नवी माशी बाहेर पडते. दोनेक आठवड्यांत पुढची पिढी तयार. शास्त्रज्ञ हिच्या जातींना ॲफिडियस, डायरेटिएला, ॲफेलिनस अशी नावं देतात. ॲफेलिनसनं मारलेला मावा तपकिरी न होता काळा पडतो, एवढाच डोळ्यांना दिसणारा फरक.

ही विद्या मला पुस्तकात खूप उशिरा भेटली. आधी भेटली ती आमच्या थोरल्या काकीकडून. काकी शाळेत गेली नव्हती. परड्यातल्या चवळीला चिकटा पडला की ती शेंडे खुडायची, राख टाकायची, पण एखादं पान हातात धरून म्हणायची, "ह्याला ऱ्हाऊ दे. ही तांबडी झाल्यात. आता उतरणीला लागलं बघ." माशी आत असते हे तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. पण तांबडे दाणे वाढले की चिकटा ओसरतो, हे तिनं बघून ठेवलं होतं. त्यावर ती निर्णय घेत होती. आज आमच्या गावात बी.एस्सी. ॲग्री झालेली पोरं आहेत, हातात स्मार्टफोन आहेत, आणि मावा दिसला की कुणी पान उलटत नाही. फोटो काढतात आणि दुकानदाराला पाठवतात.

माझ्या भांडणाचा खरा पुरावा मात्र चवळीचा नाही, उसाचा आहे.

२००२ च्या पावसाळ्यात आमच्या सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. ज्यांनी तो बघितला त्यांना वर्णनाची गरज नाही. पानाच्या पाठीवर कापूस पिंजून चिकटवावा तसा पांढरा थर. उसातून चाललं की डोक्यावर, खांद्यावर पिठासारखं पडायचं. खालची पानं काजळीनं काळी. वाढं जनावरापुढं टाकलं तर जनावर तोंड फिरवायचं. ईशान्येकडं आणि बंगालात ही कीड आधीपासून होती, पण तिथं तिच्याबरोबर तिला खाणारेही होते. इकडं ती एकटीच आली. सांगली, कोल्हापूर, सातारा आणि पुढं कर्नाटकात ती अशी पसरली की लोक उसाचं पीकच बदलायची भाषा करायला लागले.

मग काय झालं? औषध. मिळेल ते औषध. भुकटी, दाणेदार, पाण्यात कालवायचं, सगळं. आता विचार करा, दहा फूट वाढलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या आडसाली उसात फवारा कसा मारायचा? बांधावरून मारला तर दोन-तीन सऱ्यांच्या पुढं जात नाही. आत शिरलं तर पंप पाठीवर, नळी वर आणि तोंड वर. पानाच्या खालच्या बाजूला मारायचं म्हणजे मारलेलं सगळं परत मारणाऱ्याच्या तोंडावर. मी माणसं उसातून बाहेर येऊन बांधावर ओकताना बघितली आहेत. मजुरीची माणसं होती ती. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहायचं आणि मालक म्हणायचा, "थोडा गूळ खा, बरं वाटंल."

मावा गेला का? फवारलेल्या सरीत आठ-पंधरा दिवस कमी दिसायचा आणि पुन्हा भरायचा. कारण साधं आहे. फवाऱ्यानं मावा शंभर टक्के मरत नाही, कुठल्या तरी पानाआड चार राहतातच. पण त्याला खाणारे उघड्यावर फिरतात, ते आधी मरतात. राहिलेल्या चार माव्यांना रान मोकळं. वैरी थोडा मारला आणि राखणदार सगळा मारला, तर त्या घराचं काय होणार?

लोकरी मावा आटोक्यात आला तो कशानं, हे आज सगळे विसरले. म्हणून सांगतो. डायफा नावाच्या पतंगाची अळी, तिला आमच्याकडं कोनोबाथ्रा म्हणायचे, ती त्या पांढऱ्या लोकरीत जाळं करून राहते आणि मावा खात सुटते. दुसरा मायक्रोमस, त्याची अळीही तशीच खादाड. आणि तिसरी एन्कार्शिया, आपल्या या गोष्टीतली चिलटाएवढी माशी, जी माव्याच्या अंगात अंडं घालते. हिला बंगळुरूच्या जैविक नियंत्रण प्रकल्प संचालनालयानं ईशान्येकडून, आसामातून इकडं आणलं. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठं, काही साखर कारखाने यांनी शेडनेटमध्ये उसावरच हे कीटक वाढवले आणि पानांचे तुकडे शेतकऱ्यांच्या हातात दिले. ते पान माव्याच्या पानाला टाचायचं, की काम झालं. एकच अट घातली होती, की जिथं हे सोडलं तिथं विष मारायचं नाही.

एन्कार्शिया एकदा बसली ती बसलीच. तिला दरवर्षी विकत आणावी लागली नाही. लोकरी मावा आजही एखाद्या ओलसर फडात दिसतो, पण त्या दोन-तीन वर्षांसारखा उधळला नाही. ज्यांनी उसात पाऊल टाकून फवारलं नाही, त्यांचाही ऊस निवळला. आणि तरी पारावर विचारा, "लोकरी मावा कशानं गेला?" दहातले आठ जण कुठल्या तरी औषधाचं नाव सांगतील. माशीनं काम केलं आणि डब्यानं नाव कमावलं.

कुणी म्हणेल, ही एकच गोष्ट धरून बसलाय. तर दुसरी घ्या. २००८ साली तमिळनाडूत पपईवर परदेशातला पिठ्या ढेकूण आला. हा माव्याचाच लांबचा भाऊबंद, रस पिणारा, पांढरा. तो महाराष्ट्रातही पोचला. पपईच्या बागा पांढऱ्याफटक झाल्या. फवारे मारून लोक थकले. २०१० साली बंगळुरूच्या त्याच संस्थेनं, तोवर तिचं नाव बदललं होतं, अमेरिकेच्या कृषी खात्यामार्फत पोर्टो रिकोहून तीन जातींच्या अशाच बारीक माशा मागवल्या. त्यांतल्या ॲसेरोफॅगस नावाच्या माशीनं तो ढेकूण असा खाली आणला की आज नव्या बागायतदाराला तो संकटाचा काळ सांगावा लागतो. शेतकऱ्याला त्या माशीसाठी खिशातून काही मोजावं लागलं नाही.

मग प्रश्न असा, की जी गोष्ट दोनदा आपल्या डोळ्यांसमोर घडली, ती आपल्या शेतीची रीत का झाली नाही?

माझं उत्तर कटू आहे. न फवारण्यात कुणाचा धंदा नाही. डबा विकला तर दुकानदाराला कमिशन, कंपनीला नफा, वर्षाअखेर कुणाला तरी परदेशवारी. पान उलटून "थांबा, माशी कामाला लागली आहे," असं सांगणाऱ्याला कुणी काही देत नाही. गावात शेतकऱ्याला सल्ला देणारा माणूस कोण? दुकानदार. दवाखान्यात डॉक्टर वेगळा असतो आणि मेडिकलवाला वेगळा. शेतीत दोघं एकाच काउंटरच्या मागं उभे आहेत. आमच्या बाजारातल्या एका दुकानात मी स्वतः ऐकलेलं संभाषण असं :

"आण्णा, कोबीला मावा आलाय."

"किती हाय?"

"हाय की बऱ्यापैकी."

"हे घे. आनि त्याच्यासंगं हे. आनि हे टॉनिक टाक, म्हंजी झटका बसत न्हाई."

तीन डबे. कोबीचं पान कुणी बघितलं नाही. मावा किती, तांबडा किती, ढालकिडे आहेत का, काही नाही. कापसात पानामागं सरासरी दहा मावे होईपर्यंत फवारू नका, असं शास्त्र सांगतं. त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. पण पातळी मोजायला शेतात जावं लागतं, आणि काउंटरवरून शेत दिसत नाही.

मी दुकानदाराला एकट्याला दोष देत नाही. तो त्याचं पोट भरतो. सरकारी यंत्रणेत गावोगाव फिरणारी माणसं कमी आणि त्यांच्यावर कागदं जास्त. शेतकऱ्याच्या मनातही एक खोट आहे. शेजाऱ्यानं फवारलं आणि मी नाही, तर लोक मला आळशी म्हणतील, ही धास्ती. फवारा मारला की काहीतरी केल्याचं समाधान. हात बांधून बघत राहणं आपल्याला जमत नाही.

आणि आता एक नवं दुखणं. जैविकाचंही आपण औषध करून टाकलं. आमच्या भावकीतल्या एकानं उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड आणली. ट्रायकोग्रामा ही अशीच एक माशी, पण ती किडीच्या अंड्यातच अंडं घालते. कार्डावर हजारो अंडी चिकटवलेली असतात. कार्ड आणून त्यानं चार दिवस फडताळात ठेवली. माशा पाकिटातच निघून मेल्या. उरलेली कार्डं पानांना टाचली आणि तिसऱ्या दिवशी, "खात्री असावी" म्हणून त्यावरच फवारा मारला. मग गावभर सांगत फिरला, "जैविक-बिविक सगळं थोतांड हाय." त्यात माशीचा काय गुन्हा? जिवंत प्राण्याला डब्यातल्या मालासारखं वागवलं तर तो मरणारच. आणि बाजारात आता 'जैविक' छाप मारलेल्या बाटल्याही भरपूर निघाल्यात. आत काय आहे, ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यांच्या बाजूनं मी भांडत नाही.

शहरातल्या वाचकांनाही एक सांगायचं आहे. तुम्ही विषमुक्त भाजी मागता, ते योग्यच. पण कोबीच्या पानावर एक तांबडा दाणा दिसला तर भाजीवाल्यावर ओरडता. कीड न लागलेली, डाग नसलेली, आरशासारखी भाजी तुम्ही मागणार, आणि ती विषाशिवायही हवी. या दोन मागण्यांच्या मधे शेतकरी भरडला जातो. तो दाणा म्हणजे त्या शेतात माशी जिवंत आहे याची पावती समजा. पानं धुवा आणि भाजी करा.

आता माझ्याविरुद्ध जे बोललं जातं, त्यालाही उत्तर देतो. पहिलं, माशी हळू काम करते. खरं आहे. मावा आधी वाढतो, माशी मागून येते, मधे आठ-पंधरा दिवस जातात. त्या दिवसांत शेतकऱ्याचा जीव वर-खाली होतो. पण याच काळात शेंडे खुडता येतात, पाण्याचा जोरदार फवारा मारता येतो, निंबोळी अर्क वापरता येतो. नत्राचा अतिरेक थांबवता येतो, कारण युरियानं माजलेलं कोवळं पीक माव्याला सगळ्यात गोड. मुंग्यांचं वारूळही बघा. मुंग्या माव्याचं गोड पाणी पितात आणि त्या बदल्यात माशीला हुसकून लावतात.

दुसरं, मावा विषाणू पसरवतो, तिथं थांबून कसं चालेल? पपईवरच्या रिंगस्पॉटचं उदाहरण देतात. पण तिथं फवाराही उपयोगाचा नाही. बाहेरून उडत आलेला मावा पानात सोंड खुपसून चव बघतो, तेवढ्या काही क्षणांत रोग देऊन जातो. विषानं तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. तिथं निरोगी रोपं, भोवती मक्याची दाट ओळ आणि रोगट झाड लगेच उपटणं हेच खरे उपाय.

तिसरं, काही वेळा फवारावंच लागतं. मान्य. मी विषाला बंदी मागत नाही. शेवटचा उपाय शेवटीच वापरा, एवढंच म्हणतो. तेही मोजून, माशीला कमीत कमी मारणारं निवडून आणि सगळ्या रानावर न ओतता.

आणि ज्यांना हे सगळं चिलटासाठी चाललेलं कौतुक वाटतं, त्यांनी २०१७ चं यवतमाळ आठवावं. त्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करता करता विषबाधा होऊन त्या एका जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले, कित्येकांची नजर अधू झाली. कापूस डोक्याबरोबर उंच झालेला, वारा पडलेला, अंगावर साधा शर्ट. आमच्या उसात २००३ साली जे ओकत होते, त्यांचेच हे भाऊबंद. माशी मरते तेव्हा कुणाला कळत नाही. पण त्याच फवाऱ्याखाली माणूस उभा असतो, आणि तो बहुतेक वेळा रोजंदारीवरचा असतो. म्हणून हे भांडण चिलटापुरतं नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक साखर कारखान्यानं एन्कार्शिया, ट्रायकोकार्ड तयार करणारी छोटी प्रयोगशाळा चालू ठेवावी, संकट आल्यावर धावाधाव करून उभी करू नये. ऊस आमचा, कपात आमची, मग हा खर्चही त्यातूनच होऊ दे. गावातल्या दोन-चार पोरापोरींना, आणि विशेष करून भांगलणीला जाणाऱ्या बायकांना, मित्रकीटक ओळखायला शिकवावं आणि त्या कामाचा पगार द्यावा. दिवसभर पिकाच्या उंचीवर डोळे असणारं माणूस तेच आहे. औषध विकणाऱ्यानं सल्ला द्यायचा असेल, तर पान बघितल्याची नोंद बिलावर करावी.

आणि आपल्या हातातलं म्हणाल तर बांधावर चवळी लावा, कोथिंबीर-बडीशेप फुलावर येऊ द्या. मोठी झालेली माशी फुलातला मधुरस पिऊन जगते. बांध तणनाशकानं भाजून काढला तर ती येणार कुठून आणि राहणार कुठं? मावा दिसला तर पहिले दोन दिवस पंपाला हात लावू नका. शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी वीस-पंचवीस पानं उलटा. हिरवे किती, तांबडे किती, भोक पडलेले किती, मोजा. चार दिवसांनी परत मोजा. तांबडे वाढत असतील तर दुकानाकडं जाणाऱ्या गाडीची किल्ली खिशातच ठेवा. वाढत नसतील तर मग दुकानात जा, पण पान हातात घेऊन जा आणि डबा मागायच्या आधी ते काउंटरवर ठेवा.